माझ्याकडे तर चालून राहिलं

दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि दर्या म्हणजे समुद्र. हा फरक मराठी माणसाच्या जिभेलाच कळतो, तो कुणी शिकवावा लागत नाही. संगणकाला मात्र तो क्रमांकांतून सांगावा लागतो, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, तो सांगायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' घेतात, त्याला हलन्त जोडतात आणि पुढे 'य' लिहितात. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं चिन्ह येतं. त्याचं नाव झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. पण दुसऱ्या रीतीतलं ते न दिसणारं चिन्ह कुणी पुसलं, तर रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि दऱ्यांच्या जागी दर्या येतो.

काही वर्षांपूर्वी ते चिन्ह मी पुसलं होतं.

तेव्हा मी नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत बिल्डचं, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून ॲप बांधून काढण्याचं, काम बघत होतो. शेतकऱ्यांसाठी एक अँड्रॉइड ॲप होतं. त्यात हवामान, फवारणीचे सल्ले आणि गावनिहाय माहिती मिळायची. मराठी मजकूर एक्सेलच्या शीटमधून यायचा आणि कॉपी-पेस्ट होताना नको ती अदृश्य चिन्हं बरोबर घेऊन यायचा. म्हणून मी ग्रेडल या बिल्ड टूलसाठी एक प्लगइन, म्हणजे त्याला जोडता येणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिलं. ॲप बांधलं जाण्याआधी ते मजकुराच्या सगळ्या फाइली वाचायचं आणि अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकायचं. त्यासाठी वापरलेली ओळ इंटरनेटवर ठिकठिकाणी सापडते, आणि इंग्रजी मजकुरासाठी ती निर्धोक आहे. जेमतेम सत्तर ओळींचं काम होतं, एका दुपारीत झालं. टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारा तुकडा) एकही लिहिली नाही. बिल्ड हिरवी झाली, म्हणजे न अडखळता पार पडली, माझ्या मशीनवर ॲप उघडलं आणि मी पुढच्या कामाला लागलो. नंतर तेच फोल्डर उचलून आणखी तीन प्रकल्पांत ठेवलं गेलं.

महिनाभराने काटोलकडच्या एका संत्रा बागायतदारांचा फोन आला. "साहेब, तुमच्या ॲपात 'शेतकर्यांना' असं काहून लिहून राहिले? आमचं नाव तरी नीट लिहा ना." आम्हाला वाटलं, त्यांच्या फोनमधला फॉन्ट जुना असेल. मग दुसरी तक्रार आली, ती जास्त गंभीर होती. गावांच्या यादीतून कऱ्हांडला निवडलं की 'माहिती उपलब्ध नाही' असं यायचं. शेजारच्या गावांची माहिती मात्र व्यवस्थित दिसायची. आम्ही सर्व्हर तपासला, डेटाबेस तपासला, नेटवर्क तपासलं. कऱ्हांडल्याची नोंद डेटाबेसमध्ये जागच्या जागी होती. दोन दिवस गेल्यावर एका सहकाऱ्याने ॲपमधलं नाव आणि डेटाबेसमधलं नाव एकाखाली एक ठेवून प्रत्येक अक्षराचा क्रमांक छापला. डेटाबेसमधल्या नावात झिरो विड्थ जॉइनर होता, ॲपमधल्या नावात नव्हता. संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी गावं होती.

दोन दिवसांत बिल्डवर कुणाचाही संशय गेला नाही, याची मला आजही चुटपुट लागते. बिल्ड ही तपासायची वस्तू आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. याच कारणासाठी माझी एक मागणी आहे आणि ती नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांपुढे मांडायची आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी, बिल्ड टूलकरता एक छोटं पण खरोखर उपयोगी प्लगइन लिहिणं हा विषय मान्य करा, आणि त्याचे अर्धे गुण त्याच्या चाचण्यांसाठी ठेवा.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. प्रोग्रॅमर लिहितो तो मजकूर आणि आपल्या फोनवर उतरतं ते ॲप यांच्यामध्ये बरीच कामं असतात. कोड कंपाइल करायचा (यंत्राला कळेल अशा रूपात आणायचा), बाहेरच्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, आणायच्या, चित्रं आणि भाषांतरं जोडायची, टेस्ट चालवायच्या, शेवटी सही करून पॅकेज बनवायचं. ही कामं ठरलेल्या क्रमाने करून घेणारं साधन म्हणजे बिल्ड टूल. त्यांतलं आद्य म्हणावं असं 'मेक' १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्यामागची हकिगत मला फार जवळची वाटते. स्टीव्ह जॉन्सन हे त्यांचे सहकारी एका सकाळी वैतागून त्यांच्या खोलीत आले. दुरुस्त झालेल्याच प्रोग्रॅममध्ये ते सकाळभर चूक शोधत बसले होते. चूक निघाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. आमचे दोन दिवस आणि जॉन्सन यांची ती सकाळ यांत पंचेचाळीस वर्षांचं अंतर असेल, पण दुखणं एकच आहे.

'मेक'नंतर २००० साली अँट आलं, मग मेव्हन आणि पुढे ग्रेडल. २०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला तेव्हा बांधणीसाठी ग्रेडल निवडलं. तेव्हापासून अँड्रॉइड शिकणाऱ्या बहुतेक प्रत्येक विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ते असतं, त्याला त्याचं नाव माहीत असो वा नसो.

या साधनांना आपल्या गरजेची कामं शिकवायची असतील तर प्लगइन लिहावं लागतं. ग्रेडलमध्ये ते तीन ठिकाणी राहू शकतं: थेट बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये, प्रकल्पातल्या 'बिल्ड-एसआरसी' नावाच्या फोल्डरमध्ये, किंवा स्वतःचा वेगळा प्रकल्प म्हणून. माझ्या पाहण्यातली बहुतेक प्लगइन पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच राहतात. तिथे त्यांना कुणी वाली नसतो. ग्राहकाला ती दिसत नाहीत. टेस्टर ॲप तपासतो, प्लगइन त्याच्या कक्षेत येत नाही. कोड वाचणारा वरिष्ठ 'हे तर कॉन्फिगरेशन आहे' म्हणून पान उलटतो. एका प्रकल्पातून दुसऱ्यात त्यांच्या प्रती जातात आणि प्रत्येक प्रत आपापल्या वाटेने बदलत राहते. आमचं प्लगइन दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा चार प्रती चार तऱ्हेच्या झाल्या होत्या.

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात वजनकाटा असतो. त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि ठरावीक काळाने तो काटा पुन्हा तपासून घ्यावा लागतो. माल रोज बदलतो, पण काटा खोटा निघाला तर त्या दिवशी तोललेला सगळाच माल संशयात येतो, म्हणून काट्याची तपासणी मालापेक्षा कडक. प्लगइन हा आपल्या धंद्यातला काटा आहे. त्यातून गेलेली प्रत्येक फाइल, प्रत्येक आवृत्ती त्याच्या भरवशावर बाहेर पडते. तरीही आपण ॲपच्या बटणासाठी टेस्ट लिहितो आणि काटा तसाच सोडून देतो.

हा भरवसा किती महाग पडू शकतो हे जगाने पाहिलं आहे. २०२० साली उघडकीस आलेल्या सोलरविंड्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात हल्लेखोरांनी कंपनीच्या बिल्ड यंत्रणेत शिरकाव करून घेतला होता. बांधणी चालू असताना एक सोर्स फाइल गुपचूप बदलली जायची. सुमारे अठरा हजार ग्राहकांपर्यंत ती बिघडवलेली आवृत्ती गेली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा लायब्ररीत मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, सापडलं. ते बांधणीच्या स्क्रिप्टमधून आत घेतलं जात होतं आणि त्याचा मुख्य भाग चाचणीसाठीच्या फाइलींमध्ये लपवलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं जाणवलं, त्यांनी चिकाटीने माग काढला, म्हणून ते वेळेत सापडलं. माझी चूक या प्रकरणांच्या तुलनेत किरकोळ, आणि ती कुणी मुद्दाम केलेली नव्हती. पण वाट तीच होती: सगळे कोडकडे बघत होते आणि बांधणीकडे कुणी बघत नव्हतं.

आता चाचण्यांविषयी, कारण 'प्लगइनची टेस्ट करायची कशी' हा प्रश्न मला अनुभवी माणसांनीही विचारला आहे. ग्रेडल स्वतःच बिल्ड चालवतं, मग ग्रेडलच्या आत चालणाऱ्या तुकड्याची परीक्षा बाहेरून घ्यायची कशी, असा त्यांचा पेच असतो.

पहिली गोष्ट म्हणजे नियम ग्रेडलपासून वेगळा काढायचा. माझ्या प्लगइनचं खरं काम काय होतं? मराठी मजकूर आत घ्यायचा आणि स्वच्छ करून बाहेर द्यायचा. या कामाला ग्रेडल लागतच नाही. ते एका साध्या क्लासमध्ये ठेवलं की त्याची टेस्ट क्षणार्धात चालते. आत 'कर्‍हांडला', बाहेर 'कऱ्हांडला'. दिसायला दोन्ही सारखेच, आतले क्रमांक वेगळे. इथे मी एक निर्णय बदलला: चिन्ह पुसायचं नाही, दोन रीतींपैकी एक निवडायची आणि सगळा मजकूर त्या रीतीत आणायचा. शब्दाच्या मधे शिरलेली शून्य रुंदीची मोकळी जागा काढायला हरकत नाही. पण हलन्तानंतरच्या जोडचिन्हाला नियम समजून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. असाच प्रकार 'ॲ'चा आहे. खास मराठीसाठी हे अक्षर २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये स्वतंत्रपणे आलं. त्याआधी 'अ' लिहून त्यावर चंद्र ठेवत, आणि आजही अनेक कीबोर्डांतून तसंच येतं. ही दोन रूपं युनिकोडच्या नेहमीच्या एकसारखं करण्याच्या प्रक्रियेतही एक होत नाहीत. एका रूपात 'ॲप' शोधलं तर दुसऱ्या रूपातलं सापडत नाही.

अशा शब्दांची एक तक्ता-वजा यादी करायची: डाव्या रकान्यात येणारा शब्द, उजव्या रकान्यात हवा असलेला. ही यादी लिहायला ग्रेडल यावं लागत नाही, मराठी यावी लागते. कॉलेजच्या शेजारीच मराठीचा विभाग असतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोघांना वेगळं ठेवलंच पाहिजे, एका ठिकाणी विद्वान आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी स्वयंपाकी, हे तिथले प्राध्यापक चहा पिता पिता सांगतील आणि अशी आणखी वीस उदाहरणं देतील. इंजिनिअरिंगची मुलं आणि मराठीचे प्राध्यापक एकाच फाइलवर काम करताहेत, हे दृश्य मला फार बघायचं आहे.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या दुपारी मी टेस्ट लिहिली असती आणि तीत 'हॅलो वर्ल्ड' टाकलं असतं, तर ती हिरवीच राहिली असती. नुसती टेस्ट असून भागत नाही, तीत आपल्या भाषेतला अडचणीचा शब्द लागतो. कॅलिफोर्नियातला कितीही हुशार इंजिनिअर कऱ्हांडला टेस्टमध्ये टाकणार नाही, कारण त्याला ते माहीत असायचं कारणच नाही. हे काम इथल्याच माणसाने करायचं आहे.

दुसरी पायरी म्हणजे प्लगइनला खऱ्या बिल्डमध्ये चालवून बघायचं. ग्रेडलमध्ये यासाठी २०१५ पासून टेस्टकिट आहे. टेस्ट सुरू झाली की ती एक तात्पुरतं फोल्डर बनवते आणि त्यात एक छोटासा लुटुपुटुचा प्रकल्प लिहिते: सेटिंगची फाइल, बिल्डची फाइल, मराठी मजकुराची एक फाइल आणि कोणता शब्द कसा लिहायचा ते सांगणारी नियमांची फाइल. मग त्या प्रकल्पावर खरं ग्रेडल चालवते आणि निकाल तपासते. टास्क, म्हणजे प्लगइनने नेमून दिलेलं काम, यशस्वी झालं का? मग काहीही न बदलता दुसऱ्यांदा चालवायचं. आता ग्रेडलने 'अप-टू-डेट' म्हणून काम टाळायला हवं. मग नियमांच्या फाइलीत एक शब्द बदलून तिसऱ्यांदा चालवायचं, आणि आता मात्र काम पुन्हा झालंच पाहिजे. हा तिसरा प्रयोग फार मोलाचा आहे. टास्क कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे प्लगइन लिहिणाऱ्याने स्पष्ट जाहीर करायचं असतं. नियमांची फाइल जाहीर करायची राहून गेली, तर नियम बदलूनही ग्रेडल म्हणतं, काही बदललं नाही, आणि जुन्याच निकालावर शिक्का मारून मोकळं होतं. जॉन्सन यांची १९७६ ची सकाळ आपण आपल्या हाताने परत आणतो.

चौथा प्रयोग मुद्दाम अपयशाचा. चुकीचा मजकूर द्यायचा आणि बिल्ड पडलीच पाहिजे अशी अपेक्षा ठेवायची. नुसती पडून उपयोग नाही, तर संदेशात फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि चुकलेला शब्द आला पाहिजे, आणि तेही टेस्टने वाचून बघायचं. रात्री दहा वाजता आवृत्ती काढत बसलेल्या मुलीला 'काहीतरी चुकलं' एवढंच सांगणारं प्लगइन तिला बंदच करून टाकावंसं वाटेल, आणि त्यात तिचा दोष नसेल.

मेव्हनवाल्यांकडेही तोडीस तोड सोय आहे. इन्व्होकर नावाचं प्लगइन एका फोल्डरमधले नमुन्याचे प्रकल्प एकामागून एक बांधतं आणि प्रत्येकाच्या शेवटी पडताळणीची छोटी स्क्रिप्ट चालवतं.

मग येतात आवृत्त्या. २०२१ मध्ये ग्रेडल ७ आलं आणि वर्षानुवर्षं वापरात असलेला 'कंपाइल' हा लायब्ररी जोडण्याचा शब्दच त्यातून गेला. जुन्या बिल्ड जागोजागी पडल्या. नव्या ग्रेडलमध्ये कॉन्फिगरेशन कॅशेला, म्हणजे एकदा केलेली बिल्डची मांडणी साठवून पुन्हा वापरण्याला, महत्त्व आलं आहे, आणि टास्क प्रत्यक्ष चालत असताना प्रकल्पाच्या वस्तूला हात लावण्याची जुनी सवय तिथे चालत नाही. टेस्टकिटमध्ये तीच टेस्ट वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालवता येते. त्यामुळे अशी पडझड वापरणाऱ्याच्या आधी आपल्याला कळते.

ग्रेडल ज्यावर चालतं त्या जावाचीही अशीच एक गोष्ट आहे. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ च्या आधी, फाइल वाचताना अक्षरांची पद्धत सांगितली नाही तर जावा संगणकाची पद्धत घ्यायची. लिनक्सवर आणि मॅकवर ती बहुधा यूटीएफ-८ (युनिकोडचे क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याची रीत) असायची, विंडोजवर बहुधा दुसरीच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं. विंडोज त्या तीन बाइटना तीन वेगळी अक्षरं समजायचं आणि मराठीच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसायची. मॅकवर लिहिलेलं प्लगइन कॉलेजच्या लॅबमधल्या विंडोजवर मराठीची माती करतं ते असं.

बाहेरचा परीक्षक म्हणून मी इथल्या काही कॉलेजांत जातो. उन्हाळ्याचे दिवस असतात, लॅबमधला कूलर घरघरत असतो, आणि चार मुलांचा गट प्रोजेक्ट सुरू करायच्या खटपटीत असतो. तो सुरू होत नाही. मग त्यांतला एक कासावीस होऊन म्हणतो, "सर, माझ्याकडे तर चालून राहिलं होतं. रात्रीच चालवून पाहिलं." माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास असतो. त्याच्याकडे ते चाललंच असणार. इथे का चालत नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. चार वर्षांत त्याने जे लिहिलं ते त्याच्या एकट्याच्या लॅपटॉपसाठी लिहिलं. दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्या आवृत्तीवर, दुसऱ्याच्या हातात आपलं काम कसं वागेल हा विचार करायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदा येते ती थेट तोंडी परीक्षेच्या टेबलाशी.

प्लगइन लिहिणाऱ्याला हा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो, कारण त्याचा वापरणारा हा दुसरा प्रोग्रॅमर असतो. हजेरीचं किंवा हॉस्पिटलचं मॅनेजमेंट ॲप करणाऱ्या गटाचा खरा वापरकर्ता कधी जन्मालाच येत नाही. ते ॲप परीक्षेच्या संध्याकाळी संपतं. मी त्या मुलांच्या मेहनतीला कमी लेखत नाही, त्या मेहनतीला पुढे आयुष्य नसतं याचं मला वाईट वाटतं. फेल्डमन यांची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 'मेक'मध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, मोकळ्या जागेने चालत नाही. हे अडचणीचं आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. जवळपास पन्नास वर्षं जगभरचे प्रोग्रॅमर त्या टॅबला अडखळताहेत. आपल्या कामावर कुणीतरी अवलंबून आहे ही जाणीव काय असते, ती किती लवकर येते आणि किती लांब पोचते, हे बावीस वर्षांच्या मुलाला व्याख्यानातून कळत नाही. त्याचं प्लगइन शेजारच्या गटाने वापरायला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आले, की कळतं.

यावर पहिला आक्षेप प्राध्यापक घेतात आणि तो वजनदार आहे. कॉलेजने मूलतत्त्वं शिकवावीत, साधनं येतात आणि जातात. आज ग्रेडल, उद्या आणखी काही. मला हे मान्य आहे, आणि म्हणूनच मी 'ग्रेडलचा पेपर ठेवा' असं म्हणत नाही. डेटा स्ट्रक्चरच्या तासाला फळ्यावर ग्राफ काढून टोपोलॉजिकल सॉर्ट शिकवतात. त्यासाठीची आर्थर कान यांची पद्धत १९६२ ची आहे. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे ठरवण्याचा तो प्रश्न. पण बिल्डचं बटण दाबलं की दर वेळी त्याच जातीचा प्रश्न आपल्यासमोर सुटतो, हे त्या तासाला सांगितलं जात नाही. काय आत जातं आणि काय बाहेर येतं हे स्पष्ट जाहीर करणं, तेच काम दोनदा केलं तरी निकाल एकच राहणं, बदललं तेवढंच पुन्हा करणं ही सगळी मूलतत्त्वंच आहेत. ग्रेडल उद्या गेलं तरी ती राहतील.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे आणि ती मी हलकी मानत नाही. ग्रेडलचं एक वितरणच शंभर एमबीहून मोठं असतं, त्यावर लायब्ररी उतरवाव्या लागतात, आणि टेस्टकिटच्या चाचण्या संथ असून मेमरीही बरीच खातात. चार जीबीच्या लॅपटॉपवर चार आवृत्त्यांची चाचणी लावणं म्हणजे त्या मुलाचा छळ आहे. पण कॉलेजच्या एका सर्व्हरवर लायब्ररींचा साठा करून ठेवला तर प्रत्येकाला बाहेर जावं लागत नाही, आणि एकदा उतरवलेल्या गोष्टींवर ग्रेडल ऑफलाइनही चालतं. मुलांनी आपल्या लॅपटॉपवर फक्त नियमांच्या जलद टेस्ट चालवाव्यात आणि आवृत्त्यांची संथ तपासणी रात्री लॅबच्या मशीनवर सोडावी. कामाच्या ठिकाणीही अशीच विभागणी करतात.

नोकरीच्या मुलाखतीत हे कुणी विचारत नाही, असं मुलं म्हणतात. फ्रेशरच्या मुलाखतीत नसतील विचारत. पण नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात किंवा गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे न चालणारी बिल्ड येते. तेव्हा हातावर हात ठेवून वरिष्ठाची वाट बघणारा आणि लॉग उघडून टास्कचा क्रम वाचणारा, यांतला फरक सगळ्यांना दिसतो. आणि आता कोड एआय लिहून देतं, मग हे कशाला, असं जे विचारतात त्यांना मी माझीच ओळ दाखवतो. अदृश्य चिन्हं पुसणारी ती ओळ एआयनेही तशीच दिली तर मला नवल वाटणार नाही, ती इंटरनेटवर सगळीकडे आहे. ती चूक आहे हे ओळखायला कऱ्हांडल्याची टेस्ट लागेल.

माझ्या आग्रहामागे आणखी एक कारण आहे, थोडं मनातलं. इथली शिकलेली मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला जातात. जाऊ देत, त्यात गैर काही नाही. पण आपलं काम जगाने वापरावं यासाठी गाव सोडावंच लागतं ही समजूत मला बोचते. ग्रेडलच्या प्लगइन पोर्टलवर कुणीही आपलं प्लगइन देऊ शकतो. नवं प्लगइन आधी तपासलं जातं आणि मगच प्रसिद्ध होतं. प्रसिद्ध झालेली आवृत्ती मागाहून गुपचूप बदलता येत नाही, त्यामुळे जबाबदारी आपोआप अंगावर येते. मेव्हनमध्ये नावाचाही शिष्टाचार आहे: 'मेव्हन' शब्दाने सुरू होऊन 'प्लगइन'ने संपणारी नावं अपाची मेव्हनच्या मूळ मंडळींसाठी राखीव, बाहेरच्याने आपलं नाव आधी लावायचं. असे नियम पाळत, बुटीबोरीच्या किंवा वर्धा रोडच्या वसतिगृहात बसून, मराठी मजकूर तपासणारं प्लगइन जगापुढे ठेवता येतं. ते हिंदीवाल्याला, नेपाळीवाल्याला, कोकणीवाल्यालाही थोड्या फेरफाराने लागेल. देवनागरीची ही दुखणी थोड्याफार फरकाने सगळ्यांना आहेत.

यासाठी मोठा ठराव लागत नाही. स्वायत्त कॉलेजांचं स्वतःचं अभ्यास मंडळ असतं. संलग्न कॉलेजांतही प्रकल्पांचे विषय बहुधा विभागच मंजूर करतो. विषयांच्या यादीत एक ओळ घालायची आहे, आणि मार्गदर्शकांना मदत हवी असेल तर शहरात हे काम रोज करणारी माणसं आहेत. महिन्यातल्या एका शनिवारी बोलावलं तर मी येईन, आणि माझ्या ओळखीतले निदान चारपाच जण येतील असं मी खात्रीने सांगतो.

परीक्षा कशी घ्यायची हेही मी ठरवलं आहे. स्लाइड नकोत. मी कोरं मशीन घेऊन येईन, गटाचा कोड त्यावर उतरवीन आणि सगळ्या टेस्ट चालवीन. त्या हिरव्या झाल्या की प्लगइनमधली एक ओळ माझ्या हाताने मोडीन आणि टेस्ट पुन्हा लावीन. टेस्ट लाल झाली तर तिने आपलं काम केलं. हिरवीच राहिली, तर ती ओळ कुणी राखत नव्हतं, आणि मग त्यावर आम्ही सगळे बसून बोलू. पहिली मोडायची ओळ कोणती हे आधीच सांगून ठेवतो: हलन्तानंतरचं जोडचिन्ह वाचवणारी.